महाग यंत्र, स्वच्छ आवाज?

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा गेल्या जूनमध्ये भेटायला आला. आयटीआय करून तो एका कारखान्यात लागला आहे आणि उरलेल्या वेळात घरी संगणकावर संगीत तयार करतो. वादक नाहीत, गायक नाहीत. किकचा ठोका, बेस, सुरावट सगळे संगणकातच निर्माण होते. त्याची तक्रार एकच होती. "सर, माझ्या खोलीत झकास वाजतं, पण दुसरीकडे लावलं की सगळं गढूळ होतं." यावर दुकानदाराने उपाय सुचवला होता : सत्तर हजार रुपयांचे साउंड कार्ड, तेही हप्त्यांनी. त्याच्याजवळ आधीच आठ हजारांचे एक कार्ड होते. नव्या कार्डाच्या पत्रकावर '३२ बिट', '३८४ किलोहर्ट्झ', 'स्फटिकासारखा पारदर्शक आवाज' असे बरेच काही छापले होते. मुलाला माझ्याकडून फक्त 'घे' असे ऐकायचे होते.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याकडे असे पत्रक आले की त्याने ते प्रश्नपत्रिकेसारखे तपासावे. मी तेच केले. 'महाग यंत्राने आवाज स्वच्छ होतो' हे विधान कुठे खरे ठरते, कुठे खोटे, आणि ज्याला ते विकले जात आहे त्याच्या बाबतीत त्याचे काय होते, हे पाहू या.

पहिली गोष्ट अशी की, ज्या संगीतात मायक्रोफोन वापरलेलाच नाही, ते संगीत साउंड कार्डातून जाऊन तयार होत नाही. संगणकातला सिंथेसायझर म्हणजे एक गणिती सूत्र. ते दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे काढते. प्रत्येक वाद्याचे आकडे एकमेकांत मिळवले जातात, त्यांना कमीजास्त गुणांकांनी गुणले जाते आणि शेवटी आकड्यांची एक फाइल तयार होते. ही सारी बेरीज-गुणाकाराची कामे संगणकाचा प्रोसेसर करतो. आठ हजारांचे कार्ड जोडा, सत्तर हजारांचे जोडा किंवा काहीच जोडू नका; त्याच गाण्याची फाइल तीच निघणार. कार्डाचे काम यानंतर सुरू होते. ते त्या आकड्यांचे विद्युत्दाबात रूपांतर करून स्पीकरकडे पाठवते. म्हणजे कार्ड गाणे बदलत नाही. बदलले तर फार तर करणाऱ्याला जे ऐकू येते ते बदलते. ऐकू येते त्यावरून तो निर्णय घेतो, हे मान्य. तेव्हा खरा प्रश्न असा : ऐकण्याच्या साखळीत सर्वांत मोठी चूक कोणती कडी करते?

कार्डापासून सुरुवात करू. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे प्रमाण ठरले. नमुने घेतल्यामुळे तरंग पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि नमुने वाढवले की पायऱ्या गुळगुळीत होतात, अशी चित्रे पत्रकांत असतात. ही चित्रे चुकीची आहेत, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही पाठ्यपुस्तकांतही ती दिसतात. नायक्विस्टच्या १९२८ च्या व शॅननच्या १९४९ च्या कामातून सिद्ध झाले आहे की, तरंगातील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून मूळ तरंग जसाच्या तसा परत मिळतो. गुळगुळीतच मिळतो, पायऱ्यांचा नाही. माणसाचा कान तरुणपणी साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. चाळिशीपर्यंत ही मर्यादा बरीच खाली येते. तेव्हा ४४,१०० नमुने ऐकण्यासाठी पुरेसे आहेत. ३८४ किलोहर्ट्झचा अधिकचा पट्टा वटवाघळाला उपयोगी पडावा.

बिटांचेही तसेच. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबेलचा पल्ला मिळतो. १६ बिटांचा पल्ला होतो ९६ डेसिबेल, २४ बिटांचा कागदावर १४४. पण रोधांमधील इलेक्ट्रॉनांची उष्णताजन्य हालचाल स्वतःच खुसखुस निर्माण करते, त्यामुळे चांगली कार्डेही प्रत्यक्षात १२० डेसिबेलच्या आसपास थांबतात. ३२ बिटांतले शेवटचे कित्येक बिट त्या खुसखुशीचीच बारकाईने नोंद करत बसतात. शिवाय पंखा चालू असलेल्या खोलीत मुळातच ४० डेसिबेलच्या आसपास आवाज असतो. त्या खोलीत ९६ आणि १२० मधला फरक शोधणे म्हणजे एस.टी. स्टँडवर घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखे आहे.

हे झाले तर्काने. प्रयोग काय सांगतो? अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत मध्येच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचे वळण घातले आणि श्रोत्यांना ते ओळखायला सांगितले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढले. म्हणजे फरक शून्य नाही. पण सराव केलेल्या कानांनाही जो शांतपणे बसून शोधावा लागतो, तो फरक 'गढूळ' आणि 'स्वच्छ' यांच्यामधला नक्कीच नव्हे.

जास्त बिट आणि जास्त नमुने निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. गायकाचा आवाज मुद्रित करताना २४ बिट असले की पातळी थोडी कमी ठेवता येते आणि अचानक वरच्या पट्टीत गेल्यावर आवाज फाटत नाही. संगणकात आवाजाला मुद्दाम विकृती देताना नवे वरचे स्वर तयार होतात. नमुने कमी असतील तर ते परत फिरून खाली कर्कश होऊन येतात. म्हणून चांगली प्रोग्रामे असे गणित चौपट-आठपट नमुन्यांवर करतात. पण तेही प्रोसेसरचेच काम. पत्रकातल्या ३८४ शी त्याचा संबंध नाही.

आता साखळीतल्या पुढच्या कडीकडे येऊ. साध्याशा साउंड कार्डाची विकृती आज साधारणपणे ०.०१ टक्क्यापेक्षा कमी असते आणि ऐकू येणाऱ्या सर्व वारंवारतांवर त्याची पातळी अर्ध्या-एक डेसिबेलपेक्षा अधिक ढळत नाही. स्पीकरची स्थिती वेगळी आहे. तेथे वीज थांबून कागदाचा वा प्लॅस्टिकचा शंकू हलू लागतो. खालच्या स्वरांत स्पीकरची विकृती सहज १ टक्का होते. पाच इंची स्पीकर ५०-६० हर्ट्झखाली जवळजवळ मुका असतो. आणि खोली? लहान खोलीत खालच्या स्वरांची पातळी एका जागेहून दुसऱ्या जागी १५-२० डेसिबेलनी बदलू शकते. अर्धा डेसिबेल, आणि वीस डेसिबेल. हप्ता मात्र अर्ध्या डेसिबेलसाठी भरायचा!

मुलाची खोली मी जाऊन पाहिली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि उंचीही जवळपास तेवढीच. जुन्या चाळींत आणि नव्या घरांतही अशा खोल्या पुष्कळ आहेत. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तरंग पुढेमागे फिरून स्थिर तरंग तयार होतात. पहिल्या स्थिर तरंगाची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीइतकी असते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून तरंगलांबी ६.१ मीटर. हवेतील ध्वनीचा वेग आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धरला तर वारंवारता येते ५७ हर्ट्झ. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या, म्हणून तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच ५७ वर येऊन बसतात. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने घनाकृती खोलीइतकी वाईट खोली नाही.

या स्थिर तरंगात भिंतीजवळ दाबाचे चढउतार सर्वाधिक असतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. कान दाब ओळखतो. आमच्या मित्राची खुर्ची होती खोलीच्या मध्यावर, पंख्याखाली. त्याच्या किकचा मूळ स्वर होता ५५ हर्ट्झ. म्हणजे जेथे त्याचा ठोका ऐकू येणारच नाही, नेमक्या त्याच जागी बसून तो ठोका पुरेसा आहे की नाही हे ठरवत होता. साहजिकच तो बेस वाढवत गेला. ते गाणे मित्राच्या गाडीत किंवा मांडवात लागले की वाढवलेला बेस सगळ्यावर पसरे. 'गढूळ' हा त्याचा शब्द अगदी अचूक होता.

हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. मोबाइलवर वारंवारता निर्माण करणारे एखादे फुकट ॲप घ्यावे आणि मोबाइल बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जोडावा. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरातून इतका खालचा स्वर निघत नाही. खोलीची लांबी मोजून पहिल्या अनुनादाची वारंवारता मुलांना आधी काढायला सांगावी. मग तो स्वर लावून मुलांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हळूहळू चालावे. मध्यावर आवाज मावळतो आणि भिंतीशी पुन्हा उभा राहतो. नळीतल्या निस्पंद-प्रस्पंदांची आकृती वर्षानुवर्षे फळ्यावर काढणाऱ्या मला स्वतः त्यातून चालत जाण्याची गंमत पन्नाशीत कळली. वर्गखोली मोठी असेल तर पहिला अनुनाद फारच खाली जातो; अशा वेळी शाळेतली लहान खोली, कपाटांची वा साहित्याची, निवडावी.

भिंतींवर अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा फोम लावून हे सुटत नाही. सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो तो हवेच्या हालचालीला घर्षण करून, आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. ती सर्वाधिक हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ५७ हर्ट्झला ते अंतर दीड मीटर होते. इंचभर फोम फक्त वरचे, चमकदार स्वर खातो, त्यामुळे खोली उलट अधिकच घुमी वाटू लागते. यापेक्षा कोपऱ्यांत उभ्या केलेल्या कापसाच्या जाड गाद्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, पुस्तकांची मांडणी हे जास्त उपयोगी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खुर्ची मध्यावरून हलवून खोलीच्या साधारण एक-तृतीयांशावर आणणे. त्याला खर्च येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही येत नाही.

महाग ते चांगले हा समज इतका घट्ट का बसतो, याचेही उत्तर प्रयोगांत आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. हे श्रोते त्याच उद्योगात काम करणारे होते, नवखे नव्हते. पडद्याआड बरे गुण मिळवणारा एक लहान, स्वस्त दिसणारा संच डोळ्यांसमोर येताच खाली घसरला आणि मोठ्या देखण्या पेट्यांचे गुण वाढले. हेडफोनचेही असेच. ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची वारंवारतावार मोजमापे आणि किमती शेजारी मांडून पाहिल्या. दोहोंत संबंध सापडला नाही.

आणखी एक फसवणूक कान स्वतःच करतो. दोन आवाजांत एक अर्ध्या डेसिबेलने मोठा असेल, तर तो मोठा आहे असे वाटत नाही, 'अधिक स्वच्छ' आहे असे वाटते. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी समान केली पाहिजे. शंभर हर्ट्झचा स्वर लावून, दोन व्होल्टची एसी पट्टी असलेल्या मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांचा दाब एक टक्क्याच्या आत जुळवावा. तो फरक ०.१ डेसिबेलहून कमी होतो. मग कोणते यंत्र लावायचे हे प्रत्येक वेळी तिसऱ्याने नाणे उडवून ठरवावे आणि श्रोत्याने ओळखावे. सोळांपैकी बारा वा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना द्विपद वितरणाचे यापेक्षा जिवंत उदाहरण मी तरी देऊ शकत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे यंत्रांना काही महत्त्वच नाही. हा दुसरा पक्ष सध्या तितक्याच जोरात आहे, आणि त्याचा आवडता दाखला आहे बिली आयलिश हिचा २०१९ चा अल्बम. तो तिचा भाऊ फिनिअस याच्याबरोबर लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरातल्या निजायच्या खोलीत तयार झाला. ऐकण्यासाठी होते दोन लहान यामाहा स्पीकर आणि जोडीला खालच्या स्वरांचा एक. जानेवारी २०२० मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले, त्यांत उत्तम ध्वनितंत्राचेही होते. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. ध्वनितंत्राचे ते पारितोषिक फिनिअसबरोबर रॉब किनेल्स्की आणि जॉन ग्रीनहॅम यांनाही मिळाले. वाद्यांचे अंतिम मिश्रण किनेल्स्कीने केले आणि शेवटचा हात ग्रीनहॅमने फिरवला. दोघेही मुरलेले तंत्रज्ञ, स्वतःच्या ओळखीच्या जागेत काम करणारे. घरच्या खोलीत कल्पना आणि ध्वनी घडले. खोलीची चूक दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कानांनी तपासली गेली. 'काहीच लागत नाही' असे सांगणारे हा भाग गाळतात.

यंत्राचे महत्त्व कसे ओळखावे, याचे एक चांगले उदाहरण म्हणजे यामाहाचाच एन.एस.-१० हा स्पीकर. १९७८ मध्ये तो घरगुती वापरासाठी आला आणि घरांत फारसा कोणाला आवडला नाही. पण जगभरच्या स्टुडिओंत तो पांढऱ्या शंकूचा स्पीकर ठाण मांडून बसला आणि २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, हलला नाही. त्यात खालचे स्वर कमी, मधले टोचणारे. मग कारण काय? नेवेल आणि हॉलंड यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठात केलेल्या मोजमापांत दिसले की, त्याची बंद पेटी खालच्या स्वरांत लवकर गप्प होते. अनेक स्पीकरांच्या पेटीला भोक ठेवलेले असते. त्याने बेस वाढतो, पण ठोका संपल्यावरही पेटी घुमत राहते. एन.एस.-१० ठोका संपला की थांबतो. म्हणून किक कुठे संपते आणि बेस कुठे सुरू होतो हे त्यात कळते. हा गुण पत्रकावर छापत नाहीत आणि किमतीवरून तो ओळखताही येत नाही.

पण खोली सुधारली, स्पीकर ओळखीचा झाला, तरी गाणे गढूळ राहू शकते. कारण स्वच्छता शेवटी रचनेत असते. कान जवळजवळच्या वारंवारता एकाच पट्ट्यात गोळा करून ऐकतो, आणि त्या पट्ट्यातला जोरकस स्वर बाकीच्यांना झाकून टाकतो. ५०० हर्ट्झच्या खाली असा पट्टा सुमारे १०० हर्ट्झ रुंद असतो. म्हणजे ५५ ची किक आणि ५८ चा बेस हे दोघे एकाच बाकावर बसतात. शिवाय सेकंदाला तीन विस्पंद निर्माण करून भांडतात. गणपतीच्या मिरवणुकीत पन्नास ढोलांमध्ये चार-पाच ताशे असतात, तरी ताशाची प्रत्येक तर्री सुटी ऐकू येते. ताशा ढोलाहून महाग असतो म्हणून नव्हे. त्याची ऊर्जा वरच्या पट्ट्यांत, कान सर्वांत तीक्ष्ण असतो तेथे असते आणि ढोल ती जागा मोकळी सोडतो.

आपल्याकडचेच एक उदाहरण ध्वनिमुद्रिकेचे आहे. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर डिस्कोच्या तालात एक तबकडी केली. ती तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर गाजली. ही काही घरगुती निर्मिती नव्हे, पण साहित्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे. त्यात रोलंड कंपनीची तीन यंत्रे आहेत : तालासाठी टी.आर.-८०८, बेससाठी टी.बी.-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८. यांतले ज्युपिटर-८ तेव्हा ३०३ च्या दहापटीहून महाग होते. ३०३ इतके अप्रिय ठरले की कंपनीने १९८४ मध्ये ते बंद केले आणि जुन्या बाजारात ते मातीमोल विकले गेले. तबकडी ऐकताना मात्र स्वस्त आणि महाग असा भेद कानाला होत नाही. खाली ३०३ सरपटते, वर ज्युपिटर राग मांडते, मध्ये मोकळी हवा आहे. एकाच वेळी मोजकेच आवाज, प्रत्येकाला आपली जागा. रागविस्तार म्हणून त्यात खोली नाही, तालाच्या चौकटीत आलाप कोंडल्यासारखा होतो, हे माझे मत आहे. पण स्वच्छतेच्या बाबतीत त्यापासून शिकण्यासारखे आहे.

पैसा खर्च करायला हवा अशा जागाही आहेत. मायक्रोफोन येतो तेथे त्याची स्वतःची खुसखुस आणि खोलीची शांतता मोजावी लागते. कार्ड वारंवार अडखळत असेल, किंवा कळ दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर ते बदलावे. पण ती सोय झाली, स्वच्छता नव्हे. आणि आपल्याकडे ज्या 'घर्र' आवाजाला कंटाळून लोक कार्ड बदलतात, तो पुष्कळदा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. घराचे अर्थिंग नीट करून घेतले आणि संतुलित केबल वापरली की तो जातो. तो घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे कोणी करू नये, त्यात जिवाला धोका आहे.

मुलाने कार्ड घेतले नाही. खुर्ची सव्वादोन फूट मागे गेली, दोन गाद्या कोपऱ्यांत उभ्या राहिल्या, बेसचा स्वर किकच्या वर सरकवला आणि प्रत्येक गाणे तो आता हेडफोनवर आणि शेजाऱ्याच्या गाडीतही तपासतो. ५७ चा खड्डा बराच भरला आहे. ११४ च्या आसपास खिडकीपाशी एक फुगवटा अजून आहे, तो काही आम्हाला जमलेला नाही. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा आईने गाद्या काढून नेल्या, आणि त्या आठवड्यातले गाणे पुन्हा थोडे गढूळ झाले आहे.